घरातल्या जुन्या रेकॉर्ड लाखमोलाच्या की भंगार? रेकॉर्डच्या दुकानात हे कसं ठरतं, समजून घ्या

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीसारख्या गावात एक जुनं घर पाडायला काढलंय. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या काळ्या तबकड्या सापडतात. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. अर्ध्या तासात उत्तरं येऊ लागतात. अर्धे म्हणतात, लाखांत जातील, कुणाला देऊ नका. उरलेले म्हणतात, द्या भंगारवाल्याला.

बहुतेक वेळा दोघंही चुकीचे असतात. खरं उत्तर रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्याकडे मिळतं, कारण त्याचा बराचसा धंदाच अशा ट्रंकांवर उभा असतो.

रिदम हाऊस गेलं, रेकॉर्ड परतल्या

मुंबईत काळा घोडा भागात, जहांगीर आर्ट गॅलरीच्या जवळ, १९४८ साली रिदम हाऊस सुरू झालं. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी मोठी रेकॉर्ड, बाजारात आणली. रिदम हाऊसमध्ये ग्राहक रेकॉर्ड मागायचा, छोट्या बूथमध्ये उभा राहून ऐकायचा आणि पटली तर घ्यायचा. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, दुकानाने प्रत्येक वेळी माल बदलला. मोबाइलवरच्या फुकट गाण्यांपुढे मात्र बदलायला काही उरलं नाही. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस दुकान बंद झालं. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि ईडीच्या जप्तीतही गेली, पण ती गोष्ट वेगळी.

तोपर्यंत जगात वारं फिरलं होतं. अमेरिकेत २०२२ साली ४ कोटींहून जास्त रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि १९८७ नंतर पहिल्यांदाच त्यांनी नगांच्या हिशोबात सीडीला मागे टाकलं. मुंबईत माहीमचं ‘द रिव्हॉल्वर क्लब’ याच लाटेतलं. तिथे नव्या रेकॉर्डसोबत टर्नटेबल, स्पीकर मिळतात आणि लोक एकत्र बसून रेकॉर्ड ऐकतात.

नव्या रेकॉर्डची अडचण एकच, किंमत. भारतीय कंपन्यांनी जुने अल्बम पुन्हा काढले, तेव्हा ते युरोपातल्या कारखान्यांत छापून आणावे लागले. त्यामुळे एलपी महाग पडल्या. इतिहासात हे आधीही झालंय. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना गायक कोण हे कळावं म्हणून गाणं संपल्यावर कलाकार स्वतःचं नाव सांगत. १९०८ मध्ये सियालदहला आणि १९२८ मध्ये दमदमला कारखाना झाला आणि पुढची कितीतरी दशकं देशाचा बहुतेक माल तिथूनच आला.

जुना माल येतो कुठून?

जुन्या रेकॉर्डला कारखाना नाही आणि घाऊक व्यापारीही नाही. कुणी वारलं, कुणी फ्लॅट बदलला, वाडा पुनर्विकासाला गेला की संग्रह बाहेर पडतो. काही थेट दुकानात येतो, काही रद्दीवाला, भंगारवाला असा फिरत मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर पोहोचतो. दुकानदार सहसा सुट्या रेकॉर्ड निवडत नाही, अख्खा लॉट उचलतो. त्यातल्या चार चांगल्या रेकॉर्डनी बाकीच्यांचा खर्च काढायचा असतो.

मग सुरू होतं खरं काम. पावसाळ्यामुळे कव्हरवर बुरशी आलेली असते. आतल्या कागदी पाकिटाला कसर लागलेली असते. रेकॉर्ड धुवायची, दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे बघायचे, शंका असेल तर वाजवायची. त्यानंतर तिला दर्जा मिळतो: मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड. यातलं ‘गुड’ फसवं आहे. या भाषेत गुड म्हणजे वाजते, पण चांगलीच खरखरते.

गावाकडून आलेला माल या परीक्षेत बऱ्याचदा नापास होतो, त्यालाही कारण आहे. लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकर भाड्याने देणारे आणि तंबूतल्या टॉकीजवाले एकच रेकॉर्ड शेकडो वेळा वाजवायचे. जड सुईने तिच्या खाचा झिजून गेलेल्या असतात. अशा रेकॉर्डवर मालकाचं नाव आणि नंबर रंगवलेला असेल तर त्या काळाची आठवण म्हणून ती छान वाटते, पण भाव मिळत नाही.

प्रसिद्ध म्हणजे महाग?

नाही, अनेकदा उलटच. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोरची एलपी इतकी खपली की आजही सहज सापडते. महाग होते ती न खपलेली रेकॉर्ड.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मुंबईचेच वादक चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून एचएमव्हीसाठी एक एलपी केली. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. ऐकून तो चक्रावला, कारण शिकागोत १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर गाजलेल्या ॲसिड हाऊस संगीताशी तिचा नाद विलक्षण जुळत होता. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, जगभर गाजली आणि चरणजित सिंग उतारवयात परदेशी मंचांवर वाजवू लागले. त्या दुकानाने ती न खपलेली रेकॉर्ड रद्दीत काढली असती, तर हे काहीच घडलं नसतं.

मराठीच्या बाबतीत जास्त धोका आहे तो ७८ च्या तबकड्यांना. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या रेकॉर्ड लाखेपासून बनत आणि हातातून पडल्या की काचेसारख्या फुटत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर अशा मोठ्या नावांच्या तबकड्या लोकांनी जपल्या. पण पोवाडे, तमाशाच्या लावण्या, विनोदी संवाद, कुण्या विस्मृतीत गेलेल्या गायिकेचं एकुलतं एक गाणं, यांचं तसं नाही. ते एखाद्या ट्रंकेतच उरलेलं असू शकतं. अशा तबकडीला दुकानात शंभर रुपयेही मिळतील की नाही सांगता येत नाही, पण ती फुटली तर ते गाणं कायमचं जाऊ शकतं. याच काळजीतून मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात अशा तबकड्यांच्या याद्या आणि कलाकारांची माहिती छापून आली आहे.

ट्रंक सापडलीच तर?

आधी लेबलचा स्पष्ट फोटो काढा. त्यावरचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा. हा नंबर ‘डिस्कॉग्ज’ या वेबसाइटवर टाकला की बऱ्याच एलपींची माहिती आणि आधीच्या विक्रीचे भाव दिसतात. विकणाऱ्याने मागितलेला भाव आणि खरोखर विकली गेली तो भाव, यात मोठं अंतर असतं. बघायचा तो दुसरा. जुन्या मराठी ७८ तिथे सापडल्या नाहीत तर त्या बिनमोल आहेत असं समजू नका, त्यांची नोंदच कमी आहे.

रेकॉर्ड आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि पत्र्याच्या छपराखालच्या उकाड्यातून बाहेर काढा. खानदेशातल्या मे महिन्यात एलपी वाकायला वेळ लागत नाही. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावून बघायचा मोहही टाळा. त्याची पोलादी सुई ७८ च्या रुंद खाचेसाठी असते आणि एलपीच्या बारीक खाचा ती एकाच फेरीत खरवडून काढते. उलट, एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि बहुतेक खरखरच ऐकू येते. ७८ साठी टर्नटेबलला वेगळी, जाड टोकाची सुई लावावी लागते. ती रेकॉर्डच्या दुकानात मागवून मिळू शकते.