स्तंभालेखाचा जन्म

आलेख-कागदावर तुम्ही जे स्तंभालेख काढता, त्यांचा जन्म अपुऱ्या माहितीतून झाला असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. परंतु हकीकत तशीच आहे.

विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा. त्याचा जन्म १७५९ चा. वडील वारले तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ जॉन, जो पुढे नामांकित गणिती झाला, त्याने या धाकट्याला वाढवले आणि रोजचे तापमान रेषेने मांडून ठेवण्याची सवय लावली. (थोरल्या भावंडांनी हे जरूर वाचावे!) पुढे विल्यम जेम्स वॉटकडे आराखडे काढण्याच्या नोकरीत राहिला, आणि १७८६ साली त्याने आलेखांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात देशोदेशीच्या व्यापाराची वर्षानुवर्षांची चढउतार रेषांनी दाखवली होती. स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे हाती लागले. एका वर्षाची रेषा काढायची कशी? त्याने मागचे आकडे अंदाजाने भरले नाहीत. सतरा देशांची नावे लिहून प्रत्येकापुढे आयात-निर्यातीच्या पट्ट्या ओढल्या. हाच तो स्तंभालेख! स्वतः प्लेफेअरला मात्र तो कमअस्सल वाटे. वर्तुळालेखही त्याचाच, १८०१ चा.

पुढे जवळजवळ दोन शतके आलेख हातानेच काढावे लागत. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे 'व्हिसिकॅल्क' आले. एक आकडा बदलला की संगणकावरचा सारा तक्ता आपोआप बदले. १९८३ च्या 'लोटस १-२-३' मध्ये त्याच तक्त्यावरून आलेखही निघू लागला, आणि १९८५ साली 'एक्सेल' आले. तासाचे काम क्षणावर आले. पण अक्ष कोठून सुरू करावा हेही यंत्रच ठरवू लागले.

त्याचा अनुभव मला पालकसभेत आला. चार वर्षांचे शेकडा निकाल ७२, ७३, ७५ व ७६ असे होते. ते तक्त्यात भरून मी स्तंभालेख काढला आणि भिंतीवर लावला. एक पालक उठून म्हणाले, "सर, निकाल तिप्पट झाला की काय?" पाहतो तो उभा अक्ष ७० पासून सुरू झालेला! पहिला स्तंभ २ घरांचा, शेवटचा ६ घरांचा. आकडे सारे खरे होते, चित्र खोटे होते, आणि ते न तपासता लावणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी अक्षावर 'राइट क्लिक' करून किमान किंमत ० केली. चारही स्तंभ जवळजवळ सारखे दिसू लागले. पुढच्या सभेत तो आलेख पाहून काहींचा हिरमोड झाला खरा. पण शेवटच्या स्तंभावरची मोकळी जागा आता स्पष्ट दिसत होती, आणि बोलणे शंभरातल्या त्या २४ नापास मुलांकडे वळले.