म्हातारपणीचे बळ : एका शोधाची हकीकत

इतिहास म्हटला की लढाया आणि राजे डोळ्यांपुढे येतात. मी सांगणार आहे तो इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या पायांचा आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजीतली माहिती मुलीने वाचून समजावून दिली, ती माझ्या भाषेत देते.

वय झाले की दंड-मांड्यांचे मांस झडते, हे आपण घरोघरी पाहतो. परंतु या झिजेला शास्त्रात स्वतंत्र नाव नव्हते. ते १९८९ साली अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविले : 'सार्कोपेनिया', म्हणजे ग्रीक भाषेत मांसाची उणीव.

त्याच सुमारास बोस्टन शहरातील एका वृद्धनिवासात डॉ. मारिया फियाटारोन यांनी मोठे धाडस केले. नव्वदीच्या आसपासची दहा अशक्त माणसे घेऊन त्यांना पायांनी वजन उचलायला लावले. आठवड्यातून तीन वेळा, असे आठ आठवडे. वजनही नावापुरते नव्हे. ज्याला जास्तीत जास्त जेवढे उचलता येई, त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत! नऊ जणांनी हा क्रम पुरा केला आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरीने पावणेतीनपट झाले. ही हकीकत १९९० साली प्रसिद्ध झाली. व्यायाम थांबविल्यावर मात्र चारच आठवड्यांत ३२ टक्के बळ ओसरले.

खरी गंमत पुढेच आहे. १९९४ साली त्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. यात ७२ ते ९८ वर्षांची शंभर माणसे होती, पैकी ६३ बायका. चार गट पाडले : एकाला व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी पाहिले तो व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून जास्त झालेले, जिना चढण्याची ताकदही वाढलेली. नुसते पेय घेणाऱ्यांना बळ आले नाही. उलट पेय पोटात गेल्यावर त्यांचे रोजचे जेवण कमी झाले.

हे ऐकून मी विचारात पडले. आपण आजीला दूध, खीर, डिंकाचा लाडू देतो आणि वर म्हणतो, "तुम्ही आता बसा, आम्ही आहोत ना!" यात माया आहे, नाही असे कोण म्हणेल? पण रात्री संडासला कुणाला हाक न मारता जाता यावे, हीच तर त्या जिवाची इच्छा असते. ती लाडवाने पुरी होत नाही, मांडीतल्या बळाने होते.

म्हणून आहार बिनकामाचा असे मात्र नाही. २०१३ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने सांगितले की, पासष्टीपुढील माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीने ते कसे भागावे? डाळ घट्ट हवी. उसळ, दही, चालत असल्यास अंडे-मासळी हवी. मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे वजनांची यंत्रे कोठून असणार! भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून, हाताचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठावे-बसावे. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभे असावे.