मधुमेह्याचे पाऊल आणि डॉक्टरांचे एकमत

चौकचा रोगी आधी गावात पाय दाखवितो, मग पनवेलला, आणि जखम चिघळलीच तर मुंबईला. तिन्ही कागदांवर एकाच पावलाबद्दल तीन मते असली, तर त्याने कोणाचे ऐकावे? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्यावर एखाद्याचे बोट, क्वचित् सबंध पायही अवलंबून असतो.

मधुमेह्याच्या पिडका शरीराच्या खालच्या भागात उठतात, हे सुश्रुतसंहितेत नमूद आहे. निरीक्षण जुने, मोजमाप मात्र फार उशिरा आले, आणि तेही कुष्ठरोग्यांच्या पावलांवरून. पनवेलजवळच्या शांतिवनामुळे ती पावले आपणां मंडळींस अपरिचित नाहीत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठाने बोटे आपोआप झडत नाहीत, बधिर पायाला इजा कळत नाही म्हणून तो झिजतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तीच दृष्टी मधुमेह्यांच्या पायांना लागली. तेथील बर्क व सिम्स यांनी १९८६ साली मर्यादा ठरविली : १० ग्रॅम भाराने वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकविला आणि तो रोग्याला कळला नाही, तर पायाची राखण गेली असे समजावे.

तंतू एकच, पण हात निराळे. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्याच्या तळव्याला घट्टे असतात. कोणी तंतू घट्ट्यावर टेकवील, कोणी शेजारच्या मऊ कातडीवर. उत्तरे निराळी येणारच. जखमेचेही तेच. वॅग्नर यांच्या १९८१ च्या प्रतवारीत ० ते ५ अशा पायऱ्या आहेत. पण सळई घालून खोली पाहणारा आणि नुसत्या नजरेने पाहणारा एकच पायरी कशी सांगणार?

शिवाय एकमतही फसवे असते. 100 पायांपैकी 90 पाय दोघा डॉक्टरांनी 'चांगले' ठरविले असे धरू. दोघांनी डोळे मिटून शेरे मारले असते, तरी सरासरीने 82 पायांबाबत त्यांचे जुळले असते! हा योगायोग वजा करण्याचे गणित जेकब कोहेन यांनी १९६० साली, म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, मांडले. त्या 82 पायांतही दोघांनी मिळून 'वाईट' म्हटलेला पाय एकच. राहिलेल्या 18 जणांपैकी प्रत्येकाला एक डॉक्टर घरी पाठवील आणि दुसरा ठेवून घेईल.