लँग्ली पार्कची पेठ

वॉशिंग्टन शहराच्या हद्दीबाहेर, मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात, लँग्ली पार्क ही वसाहत आहे. एका धनाढ्य कुटुंबाच्या जमिनीवर दुसऱ्या महायुद्धानंतर विटांच्या कमी उंचीच्या भाड्याच्या इमारती उठल्या. युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे संसार तेथे स्थिरावले आणि ऐपत वाढताच स्वतंत्र बंगल्यांकडे निघून गेले. रिकाम्या झालेल्या बिऱ्हाडांत पुढे जे आले, त्यांत एल साल्वादोर व ग्वाटेमाला या देशांतील लोकांचा भरणा मोठा.

त्या देशांतील यादवी युद्धाने त्यांना येथे आणले असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1960 व 1970 च्या दशकांत वकिलातींतील आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतील अधिकाऱ्यांच्या घरी मुले सांभाळावयास व स्वयंपाकपाणी करावयास ज्या स्त्रिया मध्य अमेरिकेतून वॉशिंग्टनला एकेकट्या आल्या, त्यांनीच या भागात पहिला जम बसविला, आणि 1980 साली एल साल्वादोरात वणवा पेटला तेव्हा पळून येणाऱ्या भावा-भाच्यांच्या हाती निदान एक पत्ता होता. मोलकरणींना इतिहासात तळटीपेपुरतीच जागा द्यावयाची, ही रीत काही एकट्या अमेरिकेची नव्हे.

आश्रयासाठी केलेले साल्वादोरी लोकांचे अर्ज त्या दशकात बहुतांशी नामंजूर झाले. 1990 च्या कायद्याने तात्पुरते संरक्षण मिळाले, तेही अठरा महिन्यांच्या मुदतीचे. एल साल्वादोरातील 2001 च्या भूकंपांनंतर ते पुन्हा देण्यात आले, आणि त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. ज्याचे राहणेच मुदतीवर आणि ज्याचे आईबाप मायदेशी, त्याची पहिली निकड पैसे पोचविण्याची; म्हणून पैसे पाठविण्याच्या पेढ्या व दस्तऐवज भरून देणाऱ्या कचेऱ्या येथील दुकानांच्या रांगांत आवर्जून आढळतात. विमानाने स्वतः ये-जा करून गावाकडचे चीज आणि इकडची औषधे व कपडे पोचविणारे जासूदही याच गरजेतून निपजले.

मोटारींसाठी आखलेल्या रुंद हमरस्त्यांवर पायी चालणाऱ्यांची वर्दळ वाढली, तशा चीज, घेवड्याचे वाटण वा डुकराचे मांस भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, म्हणजे पुपुसा, विकणाऱ्या स्त्रियाही रस्त्यावर आल्या. परवान्यावरून सरकारी अंमलदारांशी त्यांचे खटके उडत राहिले. याच हमरस्त्यांच्या चौकाच्या परिसरात साड्यांची दुकाने व उडुपी खानावळीही निघाल्या, याचे आपल्याकडील वाचकास नवल वाटेल. परंतु स्वस्त भाड्याची जागा शोधणाऱ्या व्यापाऱ्याची नजर सर्व देशांत सारखीच असते. 2017 साली या चौकातून जाणाऱ्या नव्या लोहमार्गाचे काम सुरू झाले, आणि भाडे वाढेल ही धास्ती पुपुसावाल्यांना व साडीवाल्यांना सारखीच लागली.