२१ जुलै १९११ : मार्शल मॅक्लुहान यांचा जन्म

‘जागतिक खेडे’ हा शब्दप्रयोग जगाला देणारे इंग्रजीचे प्राध्यापक आणि माध्यमांचे अभ्यासक मार्शल मॅक्लुहान यांचा जन्म कॅनडातील एडमंटनचा. घर प्रोटेस्टंट. आई एल्सी गावोगाव फिरून काव्यवाचनाचे प्रयोग करी. आवाजाची जादू पोराने घरातच अनुभवली. इंग्रज लेखक चेस्टरटन वाचले आणि १९३७ मध्ये ते कॅथलिक झाले. १९३९ मध्ये टेक्सासच्या कोरिनशी विवाह. पुढे सहा मुले. टोरांटोच्या सेंट मायकेल्स कॉलेजात शिकवताना रोजची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सहसा चुकत नसे.

‘माध्यम हाच संदेश’ हे त्यांचे सूत्र सर्वांना पाठ, पण ते त्यांनी चर्चलाही लावले, हे फारसे कुणी सांगत नाही. मिस्सेतून लॅटिन हद्दपार झाली त्याचे श्रेय लोक चर्चने केलेल्या सुधारणांना देत. मॅक्लुहान बोट दाखवत मायक्रोफोनकडे! वेदीकडे तोंड करून धर्मगुरू लॅटिन पुटपुटत, तोवर भाविक आपापल्या ध्यानात गुंग. तीच पुटपुट कर्ण्यातून थेट कानाशी आली, तेव्हा न कळणारी भाषा सहन होईना. विधान धाडसीच, सगळे ओझे एका यंत्रावर टाकणे जरा अतीच वाटते. पण देवळातला कर्णा ऐकलेल्याला ते झटकून टाकताही येत नाही.

व्हॅटिकनने १९७३ मध्ये त्यांना संज्ञापनविषयक सल्लागार नेमले. १९७९ च्या पक्षाघाताने या अखंड बोलणाऱ्या माणसाची वाचा गेली. ३१ डिसेंबर १९८० रोजी टोरांटोत त्यांचे निधन झाले.