‘द एक्झॉर्सिस्ट’ : एका भीतीचा इतिहास

वाचकाला अथवा प्रेक्षकाला सर्वांत अधिक घाबरवून सोडणारी कलाकृती कोणती, हा प्रश्न निघाला की गेली पन्नास वर्षे एक नाव हमखास पुढे येते : ‘द एक्झॉर्सिस्ट’. विल्यम पीटर ब्लॅटी यांची ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरील चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. भयकथांचे दालन तसे प्रशस्त आहे. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ची, तर ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ची. मराठीत नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी हे दालन समृद्ध केले. परंतु आपणा कॅथलिकांच्या दृष्टीने ‘द एक्झॉर्सिस्ट’चे प्रकरण निराळे आहे. ड्रॅक्युला हा कल्पनेचा खेळ आहे, हे शाळकरी मूलही जाणते. येथे मात्र पडद्यावर दिसतात ते आपल्याच ख्रिस्तसभेचे धर्मगुरू. त्यांच्या हातातील क्रूस, आशीर्वादित पाणी आणि प्रार्थनेचे पुस्तकही आपलेच. म्हणूनच त्यातले खरे किती, ख्रिस्तसभा याबाबत काय शिकवते आणि या भीतीचे मोल कोणाला द्यावे लागले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१९४९ची घटना

कादंबरीचे मूळ एका वृत्तपत्रीय बातमीत आहे. २० ऑगस्ट १९४९ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात एका मुलाची हकीकत छापून आली. राजधानी वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँड राज्यात राहणारा हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. घराणे लुथरन पंथाचे. घरात अनाकलनीय आवाज येतात, वस्तू हलतात, मुलाच्या अंगावर ओरखडे उमटतात, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या नादी लागलेली त्याची एक लाडकी आत्या नुकतीच निवर्तली होती आणि तिनेच त्याला त्या खेळाची ओळख करून दिली होती, असे सांगतात.

पुढे त्याला मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे नातलगांकडे नेण्यात आले. तेथील येशूसंघीय धर्मगुरू फादर विल्यम बॉडर्न यांनी आर्चबिशप जोसेफ रिटर यांच्या परवानगीने अपदूतनिस्सारणाचा विधी केला. मार्चच्या मध्यापासून सुरू झालेल्या या प्रार्थना पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ एप्रिल रोजी, अलेक्सियन बंधूंच्या रुग्णालयात संपल्या. फादर रेमंड बिशप यांनी या सर्व दिवसांची नोंदवही लिहून ठेवली होती. मुलगा बरा झाला आणि पुढे चारचौघांसारखे आयुष्य जगला.

त्या मुलाला खरोखरच बाधा झाली होती काय? काही अभ्यासकांच्या मते हा एका दु:खी, अस्वस्थ किशोराच्या मनाचा आजार होता. त्या खोलीत प्रत्यक्ष साहाय्य करणारे तरुण येशूसंघीय वॉल्टर हॅलोरन यांनीही पुढील आयुष्यात या बाबतीत ठाम निर्णय देण्याचे टाळले. जे स्वत: हजर होते त्यांनी पाळलेला हा संयम, जे हजर नव्हते त्यांच्या ठाम विधानांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

कादंबरी आणि चित्रपट

ही बातमी छापून आली तेव्हा ब्लॅटी हे वॉशिंग्टनमधील येशूसंघीयांच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकत होते. लेबनॉनमधून आलेल्या गरीब मातापित्यांचा हा मुलगा येशूसंघीयांच्याच शाळेत वाढलेला. बातमी त्याच्या मनात वीस वर्षे मुरली. सैतान खरा असेल तर देवदूतही खरे आणि परमेश्वरही खरा, असा त्याचा सरळ तर्क होता. फादर बॉडर्न यांनी कुटुंबाला दिलेला गोपनीयतेचा शब्द मोडून माहिती पुरवण्यास नकार दिला. ब्लॅटी यांनी मग घटनास्थळ बदलले आणि मुलाच्या जागी रीगन नावाची बारा वर्षांची मुलगी आणली.

विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट लोकांनी थंडीत तासन्‌तास रांगा लावून पाहिला. काही जण मूर्च्छित पडले, काही अर्ध्यावरून उठून गेले. १९७५ साली एका अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हा चित्रपट पाहून आजारी पडलेल्या चार रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९९ या काळात त्याची व्हिडिओ कॅसेट दुकानात मिळत नव्हती. दुसरीकडे, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट ठरला. एकूण दहा नामांकनांपैकी पटकथा व ध्वनी यांसाठीचे दोन पुरस्कार त्याने पटकावले. चित्रपटातील फादर डायर ही भूमिका करणारे विल्यम ओमॅली हे प्रत्यक्षातही येशूसंघीय धर्मगुरू होते.

आपल्याकडील हिंदी चित्रसृष्टीने १९७७ साली ‘जादू टोना’च्या रूपाने त्याचेच अनुकरण केले. त्यानंतर जगभर निघालेल्या अशा चित्रपटांची तर गणतीच नाही. त्यांतील बहुतेकांनी किंकाळ्या तेवढ्या उचलल्या, मूळ कथेचा गाभा मात्र उचलला नाही.

तो गाभा कोणता? कथेतील आई आपल्या मुलीला प्रथम धर्मगुरूकडे नेत नाही. ती डॉक्टरांकडे, मेंदूच्या तज्ज्ञांकडे, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. इस्पितळातील तपासणीचे दृश्यच अनेक प्रेक्षकांना सर्वांत असह्य वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. फादर कारास हे स्वत: मानसोपचारतज्ज्ञ आहेत. विधीची मागणी येताच तेही प्रथम शंकाच घेतात. आईच्या मृत्यूने खचलेल्या, श्रद्धा डळमळलेल्या या धर्मगुरूला अखेर त्या मुलीसाठी स्वत:चा प्राण द्यावा लागतो. वृद्ध फादर मेरिन यांच्या तोंडी ब्लॅटी यांनी या साऱ्याचा अर्थ घातला आहे. दुष्टाचे खरे लक्ष्य ती मुलगी नसून तिच्याभोवतीची माणसे आहेत. आपण किळसवाणे आहोत, देव आपल्यावर प्रेम करणे शक्यच नाही, असे त्यांना वाटावे, त्यांनी निराश व्हावे, हाच त्याचा डाव असतो, असा त्याचा आशय.

नवल असे की, १९७३च्या चित्रपटातून हा संवादच कापला गेला. तो २००० साली निघालेल्या आवृत्तीत परत आला. म्हणजे सत्तावीस वर्षे प्रेक्षकांना भीती मिळाली, परंतु तिचा अर्थ मिळाला नाही.

ख्रिस्तसभेची सावध परंपरा

आता ख्रिस्तसभेची भूमिका पाहू. पोप पाचवे पॉल यांच्या काळात, १६१४ साली, रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात या विधीचे नियम आहेत आणि त्यांतील अगदी आरंभीची सूचना अशी की, एखाद्याला बाधा झाली आहे यावर धर्मगुरूने सहजासहजी विश्वास ठेवू नये. अनोळखी भाषेत सविस्तर बोलणे, दूरच्या वा गुप्त गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारी शक्ती दाखवणे अशी काही लक्षणे त्या ग्रंथात दिली आहेत. चारशे वर्षांपूर्वी, आधुनिक मानसशास्त्राचा जन्मही झालेला नसताना, दिलेला हा इशारा आहे.

‘एक्झॉर्सिस्ट’ हे धर्मगुरुपदाच्या वाटेवरील कनिष्ठ पदांपैकी एक पद होते. पोप सहावे पॉल यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये ते पद रद्द केले आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरच्या सार्वजनिक भेटीत सैतानाचे अस्तित्व नाकारू नका, असेही बजावले. या दोन गोष्टींत काहींना विसंगती दिसली. वस्तुत: ती नव्हती. दुष्टाचे अस्तित्व मान्य करणे निराळे आणि ज्याच्या त्याच्या अंगात तो पाहणे निराळे.

१९८३च्या कॅनन कायद्यातील कलम ११७२ नुसार स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या खास व स्पष्ट परवानगीवाचून कोणालाही हा विधी करता येत नाही आणि ती परवानगी धर्मनिष्ठ, ज्ञानी, विवेकी व शुद्ध आचरणाच्या धर्मगुरूलाच द्यावयाची असते. समोरचा प्रकार आजाराचा नाही याची आधी खात्री करून घ्यावी, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असेही त्यात नमूद आहे. जुन्या विधीची सुधारित आवृत्ती व्हॅटिकनने जानेवारी १९९९ मध्ये सादर केली. तीतही हाच विवेक कायम आहे.

क्लिंगेनबेर्गचे घर

हा विवेक सुटला तर काय होते, याचे उदाहरण पडद्यावरचे नाही, प्रत्यक्षातले आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात क्लिंगेनबेर्ग नावाचे गाव आहे. तेथील एका भाविक कॅथलिक कुटुंबात अ‍ॅनेलिझे मिशेल ही तरुणी राहत होती. सोळाव्या वर्षी तिला झटके येऊ लागले. डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले, औषधे सुरू झाली. पुढे तिचे मन खचत गेले, तिला भेसूर चेहरे दिसू लागले, धमक्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. सप्टेंबर १९७५ मध्ये वुर्झबुर्गच्या बिशपांनी विधीला परवानगी दिली. त्यानंतर सुमारे दहा महिन्यांत सदुसष्ट वेळा हा विधी झाला. तिने अन्न जवळजवळ सोडले. १ जुलै १९७६ रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी ती मरण पावली, तेव्हा तिचे वजन अवघे एकतीस किलो होते.

१९७८ साली अशाफेनबुर्गच्या न्यायालयात आईवडील व दोन धर्मगुरू अशा चौघांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्यांना सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. वेळीच डॉक्टर बोलावला असता तर मुलगी वाचली असती, हा खटल्याचा गाभा होता. या चौघांपैकी कोणीही तिचा द्वेष करीत नव्हते. आईवडिलांचा तर ती जीव की प्राण होती. मला या घटनेत सर्वांत भयानक वाटते ते हेच. प्रेम होते, प्रार्थना होती, परवानगीही होती. परंतु उपाशी लेकराच्या उशाशी डॉक्टर नव्हता. पुढे २००५ साली या घटनेवरून स्फुरलेला ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोज’ हा चित्रपट निघाला. पण ज्या घरात हे घडले त्या घरासाठी ती कथा कधीच नव्हती.

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगातील भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारझोड करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्याने आपल्या श्रद्धेला बाधा येते असे मानण्याचे कारण नाही. जे १६१४च्या विधिग्रंथाने धर्मगुरूला बजावले, त्याच्याच जवळ जाणारे हे बोल आहेत. घरातील मूल गप्प राहू लागले, रात्री दचकू लागले, त्याला झटके येऊ लागले, तर प्रथम डॉक्टर गाठावा. धर्मगुरूकडे अवश्य यावे. तो प्रार्थना करील, आशीर्वाद देईल, रुग्णाभ्यंगाचा संस्कारही देईल. परंतु औषधाची बाटली बाजूला ठेवा, असे तो सांगणार नाही. आणि कोणी तसे सांगितलेच, तर त्याचे ऐकू नये.

कबरस्थानातील माणूस

संत मार्क याच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कबरींमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा आणि दगडांनी स्वत:ला ठेचून घेणारा तो माणूस. कोणत्याही भयपटाला शोभावे असे ते वर्णन आहे. गावकऱ्यांनी त्याला बांधून पाहिले होते आणि ते साधेना म्हणून त्याला कबरींत सोडून दिले होते. त्या ओरडण्याची जणू त्यांना सवय झाली होती. प्रभू येशूने त्याला मुक्त केले आणि लोक पाहायला आले, तेव्हा तो वस्त्रे नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसला होता. शुभवर्तमानकार सांगतो की, ते पाहून ते लोक भ्याले.

वेडा झालेला माणूस त्यांना चालत होता. बरा झालेला माणूस पाहून मात्र ते घाबरले आणि त्यांनी येशूलाच निघून जाण्याची विनंती केली. बऱ्या झालेल्या माणसाला मात्र प्रभूने सांगितले की, आपल्या घरी, आपल्या माणसांत जा. सैतानाचे सामर्थ्य दाखवणाऱ्या कथांना बाजारात कधीच तोटा पडणार नाही, तरुणांनी त्या वाचल्या-पाहिल्या म्हणून आकांत करण्याचेही कारण नाही. मात्र त्या पाहून झाल्यावर हा अध्याय घरात एकत्र बसून वाचावा आणि आपल्या वाडीत, आपल्या धर्मग्रामात अशी कबरींत ठेवून दिलेली माणसे कोण आहेत, याचा शोध घ्यावा. आजाराला बाधा म्हणून, दु:खाला वेड म्हणून, ज्यांना आपण दूर लोटले आहे, त्यांना घरी आणणे हेच येशूच्या त्या आज्ञेचे पालन होय.