जप्त पुस्तकाची प्रत उरते, हटवलेल्या व्हिडिओचे काय? धर्मभावना, कायदा आणि शंभर वर्षांचा प्रवास

१/ नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात आज एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर जुना वादग्रस्त व्हिडिओ शोधला, तर अनेकदा त्याच्या पुढ्यात एवढेच येते की व्हिडिओ उपलब्ध नाही. तो कोणी काढला, कोणाच्या तक्रारीवरून काढला, याचा मागमूस नसतो. श्रद्धा दुखावणाऱ्या मजकुराचे काय करायचे, हा प्रश्न मात्र यूट्यूबहून फार जुना आहे. त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ आरंभ लाहोरहून. १९२४ साली तेथे 'रंगीला रसूल' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. प्रेषित मुहंमदांच्या खासगी आयुष्यावरचे ते हेतुपुरस्सर बोचरे लिखाण होते. प्रकाशक राजपाल यांच्यावर खटला चालला. मे १९२७ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडले. पुस्तिका निंद्य आहे, पण तिला लागू पडेल असे कलमच कायद्यात नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

३/ मुसलमान समाजात संताप उसळला. त्याच वर्षी केंद्रीय विधिमंडळाने दंडसंहितेत कलम २९५ अ घातले. या कलमाच्या शब्दरचनेत एक महत्त्वाची अट आहे : धर्मभावना दुखावणे हे 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' केलेले असले पाहिजे. इतिहासलेखन आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा यांना या कलमाची झळ लागू नये, असा इशारा त्या वेळी बॅरिस्टर जिनांनीही सभागृहात दिला होता.

४/ कायदा झाला, तरी सूड थांबला नाही. एप्रिल १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. म्हणजे या इतिहासात दोन भीती पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदतात. एक, शब्दांनी माणसांची मने जाणूनबुजून रक्तबंबाळ केली जातील ही. दुसरी, दुखावलेल्यांच्या नावाने कोणीतरी शस्त्र उचलील ही. यांपैकी एकच भीती खरी मानणाऱ्याला पुढची गोष्ट अर्धीच कळते.

५/ आता महाराष्ट्राकडे. मजकूर घातक आहे की नाही हे कोणाच्या मनाने मोजायचे? या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर नागपुरात लिहिले गेले. 'भगवती चरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार' हा नागपूर उच्च न्यायालयाचा निकाल १९४७ च्या निकालसंग्रहात छापून आला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला आहे.

६/ बोस यांच्या म्हणण्याचे सार असे : शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजावा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात संकट हुडकणाऱ्या माणसाच्या मापाने तो मोजू नये. नागपूरच्या त्या कसोटीने पुढे अनेक पुस्तके, नाटके आणि चित्रपट तोलले गेले.

७/ तिची मोठी परीक्षा झाली जानेवारी १९८८ मध्ये. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर सुरू होती. विषय होता फाळणीच्या काळातील दंगलींचा. मालिकेमुळे समाजांत तेढ वाढेल, अशी तक्रार घेऊन एक मुंबईकर उच्च न्यायालयात गेले आणि एकल न्यायाधीशांनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली.

८/ प्रकरण खंडपीठापुढे आले. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय केले? त्यांनी संपूर्ण मालिका पाहिली. दृश्ये भयंकर आहेत, पण ती द्वेष शिकवत नाहीत. द्वेषाचे परिणाम दाखवतात, अशा निष्कर्षाला येऊन त्यांनी स्थगिती उठवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला आणि तेथे पुन्हा आधार होता नागपूरच्या कसोटीचा.

९/ 'तमस'च्या वेळी तक्रारदार कोण ते ठाऊक होते, आदेश लेखी होता, त्याला आव्हान देता आले आणि निकाल देणाऱ्यांनी कलाकृती आधी डोळ्यांखालून घातली होती. या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्या एकेक करून गळताना दिसतील.

१०/ पुस्तकांच्या बाबतीतही हीच रीत होती. २००३ साली जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक आले. प्रश्न देवाधर्माचा नसला, तरी श्रद्धेचा होता. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच ते मागे घेतले. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि तेथील संग्रहाची नासधूस झाली. पाठोपाठ राज्य सरकारने पुस्तकाच्या जप्तीची अधिसूचना काढली.

११/ मात्र अशी अधिसूचना जाहीर असते आणि तिच्यात कारणे द्यावी लागतात. म्हणूनच संघराज रूपवते, कुंदा प्रमिला नीळकंठ आणि आनंद पटवर्धन यांना तिला आव्हान देता आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी राज्याचे अपील फेटाळले. पुस्तक पटणे न पटणे वेगळे. सरकारला कारण सांगावे लागले, हा येथील मुद्दा.

१२/ दुसरी वाट न्यायालयाच्या निकालासाठी थांबतच नाही. आनंद यादव यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही यादवांना सोडावे लागले. वारकऱ्यांची व्यथा खरी की कादंबरीकाराचे स्वातंत्र्य मोठे, हे साक्षीपुराव्याने तपासले जाण्याआधीच पुस्तक वाचकांपासून दूर गेले.

१३/ इंटरनेटने या दुसऱ्या वाटेचा हमरस्ता केला. सप्टेंबर २०१२ मध्ये 'इनोसन्स ऑफ मुस्लिम्स' या इस्लामविरोधी चित्रफितीवरून अनेक देशांत उद्रेक झाला. अमेरिकी सरकारने फेरविचार करण्यास सांगूनही गूगलने ती सरसकट हटवली नाही. इजिप्त आणि लिबियात कंपनीने ती स्वतःहून रोखली; भारतात स्थानिक कायद्याच्या आधारे. पाकिस्तानने तर अख्खे यूट्यूबच बंद केले. ते उघडले जानेवारी २०१६ मध्ये.

१४/ एकच चित्रफीत एका देशात दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. पूर्वी असा निर्णय न्यायाधीश किंवा सरकार घेई. आता तो एका खासगी कंपनीच्या टेबलावरही होऊ लागला. न्यायाचे माप तेच राहिले असेलही, पण तराजू दुसऱ्याच्या हातात गेला.

१५/ मुंबईतले उदाहरण. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झालेला 'एआयबी नॉकआउट' हा कार्यक्रम जानेवारी २०१५ च्या अखेरीस यूट्यूबवर आला. तक्रारी मुख्यतः अश्लीलतेच्या होत्या, पण काही विनोदांनी ख्रिस्ती समाजही दुखावला. राज्य सरकारने चौकशी लावली. ३ फेब्रुवारीला निर्मात्यांनी स्वतःच व्हिडिओ काढला आणि पुढे ख्रिस्ती समाजाची माफीही मागितली. हटवण्याचा न्यायालयीन आदेश झालाच नव्हता.

१६/ पुढचे उदाहरण जानेवारी २०२४ चे. 'अन्नपूर्णी' या तमिळ चित्रपटात पुजारी घराण्यातील मुलगी मांसाहारी पदार्थ रांधणारी आचारी होते आणि श्रीरामांच्या आहाराविषयी एक संवाद येतो. प्रमाणन मंडळाच्या मंजुरीने तो डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांत लागून गेला होता. नेटफ्लिक्सवर आल्यावर मुंबईत पोलिसांकडे तक्रार झाली, निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपट तेथून उतरला. दोन न्यायाधीशांनी तो आधी पाहावा, इतका अवकाशच उरला नाही.

१७/ मग कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली केंद्र सरकार मजकूर रोखू शकते. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले, ६९ अ मात्र कायम ठेवले. आदेशाची कारणे लेखी असावीत, ही त्यातली जमेची बाजू. पण २००९ च्या नियमांतील नियम १६ तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो. कारण लिहिले जाते, पण वाचकाला दिसत नाही.

१८/ श्रेया सिंघल प्रकरणाचे मूळही महाराष्ट्रातच आहे : नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघलने दाखल केलेली ती याचिका.

१९/ दुसरी बाजूही तितकीच खरी. १९२४ ची पुस्तिका एका शहरात छापली गेली आणि हातोहात फिरली. व्हिडिओ काही तासांत गावोगावच्या मोबाइलवर पोहोचतो. दंगल भडकवण्यासाठीच बनवलेली चित्रफीत वेळीच रोखली, तर जीव वाचू शकतात. 'तमस'च्या न्यायाधीशांना मिळालेले दिवस अशा वेळी मिळतीलच असे नाही. म्हणून तातडीने रोखणे समजण्यासारखे आहे. प्रश्न आहे रोखल्यानंतर हिशेब देण्याचा.

२०/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाला वसाहतकाळातील एक विसंगती आठवते. ब्रिटिश सरकारने असंख्य पुस्तके, पत्रके, गाणी जप्त केली. पण त्यांच्या प्रती दप्तरी ठेवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हे जप्त साहित्य आज संशोधक उघडून वाचतात. बंदी घालणाऱ्यानेच पुरावा जपला, म्हणून त्या बंदीचा न्याय आज करता येतो.

२१/ हटवलेल्या व्हिडिओची अशी फाइल वाचकासाठी कुठे उघडी नाही. शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाला आपल्या काळातील श्रद्धा आणि संताप समजून घ्यायचे झाले, तर आक्षेप कशाला होता हेच त्याला पाहता येणार नाही. भक्ताची व्यथा रास्त होती की नाही, विनोदकाराचा हेतू दुष्ट होता की नाही, दोन्ही अनिर्णित राहतील. यात नुकसान फक्त बोलणाऱ्याचे नाही. ज्याचे मन खरोखर दुखावले, त्याची साक्षही पुसली जाते.

२२/ १ जुलै २०२४ पासून २९५ अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली. क्रमांक बदलला, तरी 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू' ही अट टिकून आहे. ती तपासायची, तर मजकूर आधी कोणीतरी नीट पाहावा लागतो. १९८८ मध्ये मुंबईच्या दोन न्यायाधीशांनी तेवढेच केले होते. पुढच्या वेळी 'व्हिडिओ उपलब्ध नाही' असे दिसले, तर पहिला प्रश्न हाच असावा : काढण्याआधी तो पूर्ण कोणी पाहिला होता?

(समाप्त)